गळतीचा खटला

"बोला बाई, काय फिर्याद आहे?" उत्तम सावर्डेकरांनी विचारलं.

"कोतवालसाहेब, माझी कोंबडी चोरीला गेली," मालन म्हणाली आणि तिने कुकरखालचा गॅस बारीक केला.

सावर्डेकर जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर मांडी घालून बसले होते. डोक्याला पंचा गुंडाळलेला, मिशांना तेल लावलेलं. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "लेखी अर्ज द्या. बघू."

मालनने कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून तिची कोंबडी सहाव्यांदा चोरीला गेली होती आणि सहाही वेळा कोतवालांनी अर्जच मागितला होता. एकदा तर दोन प्रतींत मागितला. सतराशे ऐंशी सालची अडाणी बाई दोन प्रती कुठून आणणार, असं तिने विचारलं, तर म्हणे चावडीबाहेर अर्ज लिहून देणारे बसलेले असतात.

यात सावर्डेकरांचा दोष नव्हता, आणि होताही. चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं. त्यांच्या हातून एकही कागद कधी गहाळ झाला नाही आणि एकाही कागदावर कधी निर्णय झाला नाही. निर्णय घेणं हे वरच्यांचं काम. खालून आलेला कागद नोंदवायचा, शिक्का मारायचा, 'पुढील कार्यवाहीसाठी सादर' असं लिहून वर पाठवायचा. हाताला अशी सवय लागलेला माणूस निवृत्त होऊन डोंबिवलीच्या घरी बसला की पंचाईत होते. घरात वर पाठवायला कोणी नसतं. म्हणून मग दिवाणखान्याचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे हा विषय दोन दिवाळ्या विचाराधीन राहतो.

आणि गळतीचा विषय तीन वर्षं. सावर्डेकर दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि त्यांच्या न्हाणीघरातलं पाणी बरोबर खाली, पहिल्या मजल्यावरच्या शालनताईंच्या छतातून टपकायचं. शालनताई दर महिन्याला जिन्यात गाठून आठवण करून द्यायच्या. सावर्डेकर दर महिन्याला अगदी मनापासून म्हणायचे, "बघू." लाद्या फोडायच्या की नुसतं पांढरं सिमेंट भरायचं? आधी इंजिनियर आणायचा की आधी मिस्त्री? गळती आपलीच कशावरून, भिंतीतल्या पाइपाची कशावरून नाही? माणूस वाईट नव्हता हो. नुसता ठरवायला घाबरत होता.

अशा माणसाला कोतवाल केलं कोणी, तर कृतिकाने. घोडबंदर रोडला राहणारी, नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेली ही मुलगी ज्येष्ठ नागरिक संघात माणसं शोधायला आली आणि सावर्डेकरांच्या मिशांवर भाळली. ती करत होती ते साधं नाटक नव्हतं. खाडीकाठची जुनी पेठ उभी करायची, कुंभार, वैद्य, सराफ, सरदार, कोतवाल आपापल्या जागी बसवायचे, आणि प्रेक्षकांनी पेठेत हिंडायचं, कोणाशीही बोलायचं, काहीही विचारायचं. संहिता नाही, पाठांतर नाही. समोरून येईल त्याला जागच्या जागी उत्तर द्यायचं.

सावर्डेकर आधी रुसले. आपण वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो आणि ही आपल्याला कोतवाल करते, तलाठ्याच्या हाताखाली? कृतिकाने समजावलं की त्या काळी कोतवाल म्हणजे शहराचा मोठा अधिकारी, भांडणतंटे तोच मिटवायचा. मग त्यांनी त्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"कोतवालाच्या वर कोण असतं?"

"कोणी नाही, काका. तुम्हीच."

"सुभेदार असेल ना?"

"असेल, पण तो पुण्याला गेलाय."

"परत कधी येणार?"

"येतच नाही तो. आपला प्रयोग संपेपर्यंत तरी नाही," कृतिका म्हणाली. तेव्हा सावर्डेकरांना पहिल्यांदा घाम फुटला.

तालमी परशुरामशेठच्या जागेत व्हायच्या. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला त्यांची वडिलोपार्जित मोकळी जमीन होती. ती त्यांनी नाटकाला फुकट दिली, एका अटीवर: आपल्याला भाला धरायला मिळाला पाहिजे. म्हणून त्यांना कोतवालाचा शिपाई केलं होतं. ते सोन्याची साखळी काढायला तयार नव्हते, तेवढी कृतिकाने चालवून घेतली. पण कोतवालांचं चालवून घेता येईना. आठ तालमींत त्यांनी चाळीसेक फिर्यादी ऐकल्या आणि सगळ्या चौकशीवर ठेवल्या. गाय हरवली, चौकशी. नवरा मारतो, चौकशी. पेठेला आग लागली, असं सांगत एकजण धावत आला, त्यालाही त्यांनी बसायला सांगितलं.

शेवटी कृतिकाने स्पष्ट सांगितलं. शुक्रवारच्या तालमीत धडाधड निकाल दिले तर ठीक. नाहीतर कोतवाल दुसरा, आणि काकांनी वेशीवर नुसतं उभं राहायचं.

झालं. सावर्डेकरांना आता मागे हटता येईना. कारण तोवर त्यांनी अख्ख्या सोसायटीला आमंत्रण देऊन ठेवलं होतं. नोटीस बोर्डावर स्वतःच्या अक्षरात लावलं होतं, 'कोतवालांच्या भूमिकेत आपल्याच सोसायटीतील उत्तम सावर्डेकर'. आता दोन विंगांच्या देखत वेशीवर खांबासारखं उभं राहायचं म्हणजे जिन्यात तोंड दाखवायची सोय नाही. उभ्या आयुष्यात या माणसाला कोणी मोठं काम सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते असं.

म्हणून तर मालनची कोंबडी सारखी चोरीला जात होती. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी ती वैतागली आणि कोंबडी सोडून खरंच काहीतरी विचारावं म्हणून म्हणाली, "कोतवालसाहेब, घरात पडवळ आहे आणि कोबी आहे. काय करू ते एकदा सांगा, मला देवळात जायचंय."

सावर्डेकर पंचा सावरत होते. त्यांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "पडवळ गाईला घाला. कोबी करा. आणि पुन्हा पडवळ आणलंत तर चावडीवर उभी करीन."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. पडवळ आवडत नाही हे सावर्डेकरांनी आज पहिल्यांदा सांगितलं होतं. मालनने लगेच दुसरी फिर्याद केली, मोलकरीण दोन दिवस सांगून चार दिवस जाते. तिचाही निकाल लागला. तिसरीचा लागला. डोक्यावरचा पंचा काढून सावर्डेकर हात धुवायला गेले, तेव्हा तिने सहज विचारलं की पडदे निळे घेऊ का. ते म्हणाले, "बघू." मालन त्यांच्याकडे आणि खुर्चीवर पडलेल्या पंचाकडे बराच वेळ बघत राहिली.

शुक्रवारच्या तालमीत कोतवालांनी अकरा निकाल दिले. कृतिकाने त्यांना मिठीच मारली.

रविवारी चार वाजता प्रयोग सुरू झाला. सोसायटी झाडून आली होती. पहिली अर्धी घटका ठरल्यासारखी गेली. कॉलेजच्या दोन मुली आल्या. एक म्हणाली, हिने माझी नथ चोरली. सावर्डेकरांनी नथ एक दिवसाआड वापरायला लावली. टाळ्या पडल्या. परशुरामशेठनी भाला आपटून "पुढचा" असं म्हटलं, आणि पुढचे आले ते बी विंगचे हरिहर.

हरिहरांनी वाकून मुजरा केला. म्हणाले, "साहेब, माझ्या दाराशी माझा खुंटा आहे. त्याला शेजारचा गृहस्थ रोज आपला बैल बांधतो. पांढरा बैल आहे. गेल्या दसऱ्याला घेतलाय."

तो पांढरा बैल कोणाचा, हे बी विंगेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रोज रात्री हरिहरांच्या पार्किंगमध्ये त्याला उभा करणारे साईनाथ त्याच रांगेत तीन माणसं सोडून मागे होते. ते तरातरा पुढे आले. त्यांचं म्हणणं, बैल मोठा आहे, आपल्या खुंट्याला मावत नाही, शेपूट रस्त्यावर येते.

परशुरामशेठ आगरी माणूस, त्यांना हे खरंच जनावराचं भांडण वाटलं. भाला सावरत म्हणाले, "साहेब, मना सांगा कुठं बांधलाय तो. आताच सोरून आनतो."

सावर्डेकरांनी क्षणभर डोळे मिटले. याच भांडणावर सोसायटीच्या पाच सभा झाल्या होत्या आणि पाचही सभांत ते मागच्या रांगेत बसून मान हलवून आले होते. पण इथे मागची रांग नव्हती. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली आणि निकाल दिला: ज्याचा बैल, त्याने तो आपल्याच खुंट्याला बांधावा. शेपूट बाहेर राहिली तर पेठ सोसेल, पण उद्या सकाळपासून बैल दुसऱ्याच्या दारात दिसता कामा नये.

साईनाथांनी दोनशे माणसांकडे पाहिलं, समोर धरलेल्या मोबाइलांकडे पाहिलं आणि "आज्ञा" म्हणाले.

बस्स. यानंतर जे झालं ते कृतिकाने कुठल्याच शिबिरात ऐकलं नव्हतं. पाच सभांचं काम पाच मिनिटांत झालेलं लोकांनी बघितलं आणि रांग वाढायला लागली. कोणाच्या गच्चीवर कोण पारव्यांना दाणे टाकतं, कोणाच्या अंगणात कोण कचरा लोटतं, कोण पहाटे पाचला आपल्या आवाजाचा रियाज करतं. सगळे आपापली जुनी दुखणी जुन्या पेठेच्या भाषेत घालून आणत होते. दुसऱ्या सोसायट्यांची माणसंही घुसली. एका गृहस्थांनी आंबिवलीहून सख्ख्या भावाला फोन करून बोलावून घेतलं, वाटणीचं आताच मिटवू म्हणून. रांग कुंभाराला वळसा घालून वैद्याच्या पुढे गेली. वैद्य ओसाड बसला होता.

तिकडे वेशीवर धनेश नावाचा तरुण सरदार झाला होता. दीड महिना तलवारीचे हात शिकून त्याने लढाई बसवली होती. ती त्याने दोन कुत्री आणि एक आईसक्रीमवाला यांच्यासमोर लढून दाखवली, आणि मग चिलखतासकट तो रांगेत येऊन उभा राहिला. त्याची फिर्याद एवढीच होती की माझी लढाई कोणी बघत नाही. कोतवालांनी हुकूम दिला, लढाई चावडीपुढे आणा. त्यामुळे रांगेतल्या लोकांची करमणूक झाली आणि कोणी घरी जाईना.

सावर्डेकर खुलले होते. आवाज चढला होता, मिशा थरथरत होत्या. गर्दीत उभी असलेली मालन त्यांना अधूनमधून दिसत होती. आपण इतकी वर्षं होतो कुठे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ऐटीत मांडी बदलली आणि म्हणाले, "पुढचा."

पुढे शालनताई आल्या.

ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. हात जोडून म्हणाल्या, "साहेब, माझ्या डोक्यावर गळतं."

कसंबसं सावर्डेकरांनी विचारलं की कौलं फुटली आहेत का.

"कौलं नाहीत, साहेब. माझ्या डोक्यावर माडी आहे. माडीवर एक गृहस्थ राहतात, त्यांच्या न्हाणीघरातून गळतं. तीन वर्षं झाली."

सोसायटीची माणसं एकमेकांना कोपरं मारायला लागली. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. सावर्डेकरांनी चहूकडे पाहिलं. कृतिका लांबून हातवारे करत होती, चालू ठेवा, थांबू नका. तिला बिचारीला काय माहीत? भूमिका सोडून उठावं तर दोन विंगांपुढे नाक कापलं जाणार. शालनताईंच्या विरुद्ध निकाल द्यावा तर ते पाप. आणि बाजूने द्यावा, तर उद्यापासून घरात छिन्नी-हातोडा. त्यांना एकदम आपलं जुनं टेबल आठवलं आणि ते म्हणाले, "दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. त्या माडीवरच्या गृहस्थाला हजर करा."

परशुरामशेठ त्यांच्या सोसायटीतले नव्हते. हुकूम म्हणजे हुकूम. भाला खांद्यावर टाकून ते अख्ख्या पेठेत फिरून आले, ओरडत, "माडीवाला कोन हाय, त्याने हजर व्हावं." लोक हसून हसून वाकले. पाच मिनिटांनी ते घामाघूम परत आले.

"आला नाय, साहेब. पलाला वाटतं. बाई मानूस बघून लोक असेच माजतात. तुमी देऊन टाका निकाल."

"माजलेले नाहीत हो ते," शालनताई म्हणाल्या. हसणाऱ्यांचा आवाज जरा कमी झाला. "भला माणूस आहे. मी आजारी होते तेव्हा पंधरा दिवस त्यांच्या घरून डबा यायचा. वाईट काहीच नाही, छताचं काढलं की 'बघू' म्हणतात एवढंच. आमचे हे गेल्यापासून मी एकटी. भांडायला कोणी नाही आणि त्यांच्याशी भांडवतही नाही. पण बादली दिवसातून दोनदा मला ओतावी लागते, साहेब, आणि गुडघे आता साथ देत नाहीत. देव्हारा तीनदा हलवला. चौथ्यांदा कुठे नेऊ?"

सावर्डेकरांना भयंकर लाज वाटली. बादलीचं त्यांना माहीतच नव्हतं. तीन वर्षांत ते एकदाही खाली जाऊन बघून आले नव्हते, कारण बघितलं असतं तर ठरवावं लागलं असतं. त्यांचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, काय अभिनय करतात.

ते उठून उभे राहिले. निकाल देताना कोतवाल उठत नाही, असं कृतिकाने शिकवलं होतं, पण ते उठले.

"माडीवरच्या गृहस्थाचा कसूर शाबीत आहे," ते म्हणाले. "आठ दिवसांच्या आत त्याने स्वतः मिस्त्री आणून न्हाणीघर उकरून गळती बंद करावी. आणि ती बंद होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन या बाईंची बादली त्याने आपल्या हाताने ओतावी. चुकला तर..." पुढे शिक्षा सुचेना. म्हणून त्यांनी शालनताईंना हात जोडले.

टाळ्या थांबेनात. साईनाथ शिट्ट्या वाजवत होते. परशुरामशेठनी डोळे पुसले आणि तो माडीवाला सापडला तर आपण त्याला चांगला ठोकून काढू, असं सावर्डेकरांना खासगीत सांगितलं. प्रयोग संपल्यावर कृतिका धावत आली. काका, शेवटची केस म्हणजे कमाल, त्या काकूंशी आधी ठरवलं होतं का, असं तिने विचारलं. सावर्डेकर म्हणाले, नाही, जागच्या जागी सुचलं.

रिक्षात बसल्यावर ते भानावर आले. मालन बाहेरची दुकानं बघत बसली होती. न्हाणीघराच्या लाद्या तिने हौसेने निवडल्या होत्या. आता त्या फुटणार, घरभर धूळ होणार, आणि तिला न विचारता आपण दोनशे माणसांत ठरवून बसलो. स्टेशनचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग हळूच म्हणाले, "रागावलीस?"

"मी कशाला रागावू? मिस्त्री उद्या नऊला येतोय. शुक्रवारीच सांगून ठेवलाय त्याला."

"शुक्रवारी? निकाल तर आज लागला."

"शालनला रांगेत मीच उभी केली," मालन म्हणाली. "ती नको म्हणत होती, भिडस्त आहे. म्हटलं, अगं, घरी विचारलंस तर जन्म जाईल. चावडीवर बसलेले असताना विचार."

सावर्डेकर थक्क झाले. चिडावं असं त्यांनी ठरवून पाहिलं, पण राग येईना. उलट तीन वर्षं मानेवर धरलेलं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं मोकळं वाटत होतं. ते बराच वेळ स्वतःशी हसत राहिले.

सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा वळली तेव्हा मालनने विचारलं, "पुढचा प्रयोग कधी आहे हो?"

"रविवारी, कल्याणला. का?"

"काही नाही. रांगेत उभी राहीन म्हणते."

"तू? तुझी कसली तक्रार?"

"तुम्हाला सांगून काय उपयोग?" मालन उतरता उतरता म्हणाली. "कोतवालांना सांगीन."